नायगामवाला सरांची वेधशाळा

आपल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात ठाकुरवाड्या किती, असं कुणी विचारलं तर बोटं पुरायची नाहीत. डोंगराच्या उतारावर ठाकूर समाजाची वस्ती दिसली की तिचं नाव ठाकुरवाडी. पुण्याच्या गाडीने घरी जाणाऱ्यांना आणखी एक ठाकुरवाडी माहीत असते, ती म्हणजे बोरघाटातली रेल्वेची केबिन. कर्जतला मागून इंजिनं लागतात, गाडी कण्हत कण्हत पळसदरी, जांब्रुंग, ठाकुरवाडी, मंकी हिल असं करत खंडाळ्याला पोचते, आणि तोपर्यंत आपला वडापाव संपलेला असतो. या लेखातली गोष्ट सुरू होते एका ठाकुरवाडीच्या माळावर आणि संपते घाटाच्या वर, पुण्यात. मधला प्रवास मात्र सव्वाशे वर्षांहून जास्त आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहाजण एका शनिवारी रात्री त्या माळावर बसलो होतो. सोबत एक जुना सीसीडी कॅमेरा, मागून आणलेली छोटी दुर्बीण, लॅपटॉप, आणि मेसच्या काकांनी बांधून दिलेली पोळी-भाजी. मुंबईचा उजेड पश्चिमेला दिसत होता, पण डोक्यावर आकाश बऱ्यापैकी काळं होतं. आमचं लक्ष्य होतं ययाती तारकासमूहातला अल्गोल. हा रूपविकारी तारा. दर २.८७ दिवसांनी याचा एक जोडीदार समोर येतो आणि तारा २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत मंद होतो. म्हणजे त्याचा उजेड साधारण एक तृतीयांशाहून कमी राहतो. हे आपण स्वतः मोजायचं, असं ठरलं होतं.

पहिली फाइल आली आणि सगळ्यांचे चेहरे पडले. स्क्रीन काळीभोर! फर्स्ट इयरचा एक पोरगा म्हणाला, झाकण काढलं का? झाकण काढलेलं होतं. कॅमेराही ठीक होता. ठीक नव्हती ती आमची समजूत.

असल्या कॅमेऱ्याची फाइल म्हणजे फोटो नव्हे, आकड्यांचा तक्ता असतो. खगोलशास्त्रात ती बहुतेक ‘फिट्स’ नावाच्या साच्यात येते. हा साचा १९८१ पासून वापरात आहे. फाइलच्या सुरुवातीला ८० अक्षरांच्या ओळींमध्ये तिची जन्मपत्रिका लिहिलेली असते: तारीख, वेळ, किती सेकंद उघडी, कोणता कॅमेरा. त्यानंतर नुसते आकडे, प्रत्येक चौकटीत किती प्रकाश पडला त्याचे, ० ते ६५,५३५ पर्यंत. दुप्पट प्रकाश पडला तर दुप्पट आकडा. आपला स्क्रीन मात्र ० ते २५५ एवढ्याच छटा दाखवतो. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या १०० पट तेजस्वी. तेजस्वी ताऱ्याला २५५ दिले तर मंद ताऱ्याच्या वाट्याला अडीच येणार. अडीच म्हणजे काळाच. आपला डोळा असा सरळ हिशेब करत नाही, तो साधारण लॉगरिदमच्या अंगाने बघतो. म्हणून चित्र दिसायला हवं असेल तर आकडे ताणावे लागतात.

आमच्यातला एक लिनक्सवाला होता. त्याने टर्मिनल उघडलं, आणि इमेजमॅजिक नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला एका ओळीत हुकूम सोडला. आधी ‘कन्व्हर्ट’ (नव्या आवृत्तीत ‘मॅजिक’), मग फाइलचं नाव, मग ‘इव्हॅल्युएट लॉग ६५५३५’, शेवटी तयार होणाऱ्या चित्राचं नाव. एंटर दाबलं आणि काय सांगू, काळ्या पडद्यावर ययाती अवतरला! मग त्याने एक फॉर-लूप लिहिला आणि रात्रभरातल्या सगळ्या फाइल्स चहा होईस्तोवर चित्रं होऊन बसल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

चूक झाली ती यानंतर. आम्ही त्या देखण्या चित्रांवरूनच ताऱ्याचं तेज मोजलं. हिशेब असा, समजा नेहमीचा अल्गोल १०,००० भरतो आणि मंद झालेला ३,०२०. फरक १.३ प्रतींचा, अगदी पुस्तकात आहे तसा. पण लॉगने ताणल्यावर हेच दोन आकडे होतात २१२ आणि १८४. यांच्यावरून प्रत काढली तर फरक येतो जेमतेम ०.१५! आमच्या आलेखात अल्गोल मंद झालाच नव्हता, नुसता लाजला होता. पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आमच्यातल्या एकाने (तो मीच) सुचवलं की आकडे थोडे ‘जुळवून’ घेऊ. खरं उत्तर तर माहीतच आहे ना? प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण हेच करतो. सरांना हवं ते रीडिंग आधी लिहितो आणि प्रयोग मागून करतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या सरांना हे कळलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त एक नाव दिलं आणि म्हणाले, यांच्याबद्दल वाचा. ते नाव होतं कावसजी दादाभाई नायगामवाला.

नाव ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे काही आलं नाही. खरं तर यायला हवं. देशातली त्या काळची सर्वात मोठी दुर्बीण ज्यांनी उभी केली ते हे गृहस्थ. आणि ती उभी होती एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात!

कावसजींचा जन्म १८५७ सालचा, पारशी कुटुंबातला. शिक्षण झालं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. १८७८ साली त्यांनी भौतिक आणि रसायन हे विषय घेऊन एम.ए. केलं. त्यावेळी आपल्याकडे विज्ञान म्हणजे बहुतांशी पुस्तकातून शिकायची आणि पाठ करायची गोष्ट. प्रयोगशाळा असलीच तर ती शिकवण्यापुरती. नवं काही शोधून काढायचं ते साहेबाने, त्याच्या देशात. कावसजी १८८२ साली एल्फिन्स्टनमध्येच प्रयोगाच्या भौतिकशास्त्राचे व्याख्याते झाले. वय पंचविशीच्या आतबाहेर. आज आपण ज्या वयात कॅम्पस इंटरव्ह्यूच्या रांगेत असतो त्याच्या थोडं पुढे.

त्याच साली एक चांगली गोष्ट घडली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपयांची देणगी दिली. हेतू होता कॉलेजात वर्णपटाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारण्याचा. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम आपल्याकडून घातली. दहा हजार रुपये! त्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

वर्णपट म्हणजे काय हे आपण बारावीला शिकलोय, तरी थोडक्यात सांगतो. प्रकाश एका अरुंद फटीतून घेतला आणि लोलकातून सोडला की त्याचे रंग पसरतात. तापलेल्या विरळ वायूचा प्रकाश असेल तर सलग रंग न दिसता ठरावीक जागी चकचकीत रेषा दिसतात. सोडियमच्या रेषा सोडियमच्याच, हायड्रोजनच्या हायड्रोजनच्याच. बोटांचे ठसे जसे. म्हणजे सूर्यावर न जाता सूर्यात काय आहे हे सांगता येतं. १८६० च्या सुमारास ही विद्या उदयाला आली आणि खगोलशास्त्राचा चेहराच बदलला. तोपर्यंत तारा कुठे आहे एवढंच विचारलं जायचं. आता तारा कशाचा बनलाय हेही विचारता येऊ लागलं.

१८८४ साली कावसजी सामान खरेदी करायला इंग्लंडला गेले. गेले होते प्रयोगशाळेसाठी आणि परतले ते वेधशाळेचा बेत घेऊन. तिथल्या राज-ज्योतिर्विदांनी आणि नॉर्मन लॉकियर यांनी त्यांना सल्ला दिला की टेबलावरचा लोलक कशाला, तारे आणि तेजोमेघ यांचाच वर्णपट घेणारी वेधशाळा उभारा. लॉकियर हे त्यावेळचं फार मोठं नाव. ‘नेचर’ हे विज्ञान साप्ताहिक १८६९ साली त्यांनीच सुरू केलं. सूर्याच्या वर्णपटातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची नाही हे त्यांनी ओळखलं. त्या मूलद्रव्याचं नाव हेलियम. असा माणूस तिशीच्या आतल्या एका हिंदी व्याख्यात्याला वेळ देतो, रस्ता दाखवतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मुंबईची दमट आणि ढगाळ हवा दुर्बिणीला मानवणारी नव्हती. पुण्याची हवा कोरडी, उंचीही बरी. १८८५ साली कावसजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि वेधशाळेचा प्रकल्पही त्यांच्याबरोबर आला. नावात सायन्स असलं तरी हे कॉलेज म्हणजे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, आजचं सीओईपी. सुरुवात १८५४ ची, सरकारला बांधकाम खात्यासाठी माणसं हवी होती म्हणून. रस्ते, पूल आणि कालवे शिकवणाऱ्या त्या कॉलेजात आता आकाशही शिरलं.

मुंबई-पुणे रेल्वे तेव्हा आपल्या याच घाटातून जात होती. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला. चढ इतका तीव्र की मध्ये रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडी थांबून उलट्या दिशेने निघायची. १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर ते स्टेशन बंद पडलं. मुंबई आणि पुण्याच्या दरम्यान कावसजींच्या किती खेपा या घाटातून झाल्या असतील! ठाकुरवाडीजवळून गाडी जाताना खिडकीतून बाहेर बघणाऱ्या त्या तरुण प्राध्यापकाची कल्पना करा. मला तरी आता त्या वळणावर तेच आठवतात.

१८८८ साली वेधशाळा तयार झाली. देणगीदाराचं नाव देऊन ती झाली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. मुख्य साधन होतं डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची परावर्तक दुर्बीण. तिच्या आरशाचा व्यास २० इंच, म्हणजे अर्धा मीटर. आजच्या मानाने लहान वाटेल, पण देशात त्यावेळी याहून मोठी दुर्बीण नव्हती आणि पुढेही कित्येक दशकं आली नाही. दुर्बिणीला जोडायला वर्णपटदर्शक होते. मदतीला मोठा कर्मचारीवर्ग मात्र नव्हता. एक माणूस, एक दुर्बीण आणि पुण्याचं आकाश.

आता येतो तो प्रसंग, ज्यासाठी आमच्या सरांनी हे नाव दिलं.

मृग नक्षत्रात तीन ताऱ्यांच्या बाणाखाली एक धुरकट ठिपका दिसतो. तोच मृगातला महान तेजोमेघ. त्याच्या वर्णपटात हिरव्या भागात एक ठळक रेषा आहे, साधारण ५००.७ नॅनोमीटरवर. ही रेषा कशाची, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद होता. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळत नव्हती.

लॉकियर यांचं म्हणणं होतं की ती मॅग्नेशियममुळे आहे. त्यांचा एक मोठा सिद्धांत होता: विश्वातले सगळे गोल उल्कांच्या थव्यांपासून बनलेत. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या उल्कांचा थवा. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियमच्या वर्णपटात जवळपास त्याच जागी एक पट्टा येतो. तेव्हा तेजोमेघातली ती रेषा म्हणजे त्या पट्ट्याचा उरलेला ठळक कडेचा भाग, असा त्यांचा दावा. पट्टा आणि रेषा यांत फरक असा की रेषा दोन्ही बाजूंनी धारदार असते, पेन्सिलने ओढल्यासारखी. पट्टा एका बाजूने ठळक सुरू होतो आणि दुसऱ्या बाजूला विरत जातो, रांगोळीवरून बोट फिरल्यासारखा. म्हणजे प्रश्न तसा सोपा. ती रेषा दोन्ही बाजूंनी धारदार आहे की एका बाजूला विरते?

प्रश्न सोपा पण उत्तर अवघड. प्रकाश अतिशय मंद. फट थोडी रुंद ठेवली तर प्रकाश जास्त मिळतो पण रेषा फुगते. फट अरुंद केली तर रेषा नीट दिसते पण इतकी मंद की डोळा ताणून बघावं लागतं. अशा उजेडात माणसाला जे दिसावंसं वाटतं तेच दिसण्याची भीती असते. प्रत्यक्ष बघून ठरवायचं होतं. आकड्यांची फाइल नाही, हुकूम सोडून चित्र ताणणं नाही. डोळा आणि इमान, एवढंच भांडवल.

कावसजींनी पुण्याहून तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. फट अरुंद करून पाहिला, रंग जास्त पसरवून पाहिला, वेगवेगळ्या परिस्थितीत पाहिला. रेषा प्रत्येक वेळी धारदार निघाली. विरणारी बाजू कुठेच नाही. १८९१ साली त्यांनी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात ते तसंच छापलं.

जरा थांबा आणि हे काय झालं ते बघा. ज्या माणसाच्या सल्ल्याने आपली वेधशाळा उभी राहिली त्याच माणसाचा लाडका सिद्धांत आपल्या निरीक्षणाने अडचणीत येतोय. आपण चौतिशीच्याही आतले, गुलाम देशातले, पुण्यासारख्या आडबाजूच्या गावातले. तो साम्राज्याच्या राजधानीतला, विज्ञानाच्या सर्वात वजनदार साप्ताहिकाचा संपादक. निरीक्षण पुन्हा करू, पुढच्या हिवाळ्यात बघू, रेषा थोडी विरल्यासारखी वाटते असं लिहू... पळवाटा पुष्कळ होत्या. फाइल बंद करून कपाटात ठेवली असती तरी कुणी विचारायला येणार नव्हतं. कावसजींनी जे दिसलं ते लिहिलं. सरांना हवं ते रीडिंग त्यांनी लिहिलं नाही.

हा वाद एकट्या पुण्याने निकालात काढला असं मात्र नाही. लंडनमध्ये हगिन्स लॉकियरच्या विरोधात होतेच. अमेरिकेत लिक वेधशाळेत कीलर यांनी रेषेची जागा अतिशय काटेकोर मोजली होती आणि ती मॅग्नेशियमच्या जागेशी जुळत नव्हती. पण या मोठ्या मंडळींच्या पंक्तीत पुण्याचं निरीक्षण मानाने बसलं. पुढे ती रेषा ‘नेब्युलियम’ नावाच्या काल्पनिक मूलद्रव्याची मानली गेली. खरा उलगडा १९२७ साली झाला. अमेरिकेच्या बोवेन यांनी दाखवलं की ती साध्या ऑक्सिजनचीच आहे, फक्त त्या ऑक्सिजनच्या अणूतले दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात, आणि वायू इतका विरळ असतो की तशी स्थिती पृथ्वीवर सहजी मिळत नाही. कावसजी तेव्हा हयात होते, सत्तरीला पोचलेले.

त्यांच्या आयुष्यातला दुसरा मोठा दिवस म्हणजे २२ जानेवारी १८९८. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून चढून महाराष्ट्र ओलांडत ईशान्येकडे गेली. प्लेगने हैराण झालेल्या या मुलखात जगभरचे खगोलशास्त्रज्ञ उतरले. लॉकियर आले विजयदुर्गावर. (हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्गावर लागला असं आपल्याकडे सांगतात, ते बरोबर नाही. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गला ते आले या १८९८ च्या ग्रहणाला.) वऱ्हाडात तळणीला ब्रिटिश हौशी निरीक्षकांचा तळ पडला. तिथे ॲनी माँडर या बाईंनी छोट्याशा भिंगाने करोनाची लांबच लांब गेलेली शलाका टिपली. आणि सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळच्या जेऊरला लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फुटी कॅमेरा घेऊन आले. त्याच जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचा तळ होता, कावसजींच्या नेतृत्वाखाली.

खग्रास अवस्था जेऊरला होती दोन मिनिटांच्या आसपास. एवढ्यासाठी महिनोन् महिने तयारी! आणि त्यातही जे सर्वात मोलाचं, तो ‘फ्लॅश’ वर्णपट, जेमतेम काही सेकंदांचा. सूर्यबिंब पूर्ण झाकलं जातं त्या क्षणी कडेला सूर्याच्या वातावरणाची पातळ कोर उरते. ही कोरच फटीचं काम करते. कॅमेऱ्यापुढे लोलक लावला की काचेच्या प्लेटवर रेषांऐवजी चंद्रकोरींची रांग उमटते. प्रत्येक कोर म्हणजे एकेका रंगातला सूर्य. हायड्रोजनची कोर, कॅल्शियमची कोर, हेलियमची कोर. हे चित्रही आहे आणि मोजमापही. हुकलं तर पुन्हा घ्यायला दुसरं ग्रहण आणि दुसरा देश शोधावा लागतो. सबमिशनला एक्स्टेंशन मिळत नाही!

प्लेट्स मिळाल्यावर खरं काम सुरू होतं. काचेच्या प्लेटला आमच्या सीसीडीसारखी सरळ शिस्त नसते. दुप्पट प्रकाशाने ती दुप्पट काळी होत नाही. मंद प्रकाशाला ती दादच देत नाही, मग काही अंतर नीट चालते आणि शेवटी काळी व्हायचीच थांबते. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० साली या वागण्याचा आलेख मांडला. म्हणजे प्लेट ही जन्मतःच ताणलेलं चित्र. तिच्यावरून तेज काढायचं तर तिचा स्वभाव आधी ओळखावा लागतो. रेषेची जागा मात्र ती इमानाने सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेट ठेवायची, एकेका कोरीची जागा स्क्रू फिरवून वाचायची, वहीत लिहायची, मग त्यावरून तरंगलांबी काढायची. कॅल्क्युलेटरशिवाय, लॉग टेबल घेऊन. १८९८ च्या ग्रहणाच्या प्लेट्सवरूनच कळलं की करोनाची प्रसिद्ध हिरवी रेषा आजवर मानली होती त्या जागी नाहीच. कावसजींचा जेऊरचा अहवाल तख्तसिंहजी वेधशाळेचं पहिलं प्रकाशन म्हणून १९०२ साली निघाला. ग्रहण दोन मिनिटांचं आणि अहवालाला चार वर्षं. आम्ही एका फॉर-लूपने चहा होईस्तोवर जे उरकलं, त्याची ही त्या काळची किंमत.

यापुढची गोष्ट सांगताना हात जड होतो. २० इंची दुर्बिणीच्या मानाने वेधशाळेतून काम थोडंच झालं. दुर्बिणीवरचं नाव घेण्यासारखं संशोधन म्हणजे ते १८९१ चं, आणि मोठा ग्रंथ म्हणजे जेऊरचा अहवाल. दोष त्या माणसाला द्यावा असं मला वाटत नाही. संस्था एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. हाताखाली तयार होणारी पिढी नाही, पाठीशी विद्यापीठाचं संशोधन नाही. १८९९ साली कोडाईकनालला सरकारची मोठी सौर वेधशाळा सुरू झाली आणि सरकारचं लक्ष तिकडे वळलं. १९११ साली कॉलेज ऑफ सायन्सचं नाव बदलून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं. १९१२ साली कावसजी निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलंच नाही. दुर्बीण आणि इतर साधनं कोडाईकनालला रवाना झाली. तिथेही ती दुर्बीण लगेच उभी राहिली नाही, बराच काळ पडून होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर कुठे तिला पुन्हा आकाश दिसलं. भावनगर दुर्बीण हे तिचं नाव मात्र टिकलं. देणगी देणाऱ्या महाराजांची आठवण त्यात राहिली. चालवणाऱ्या माणसाची राहिली नाही.

निवृत्तीनंतर कावसजी सव्वीस वर्षं जगले. १९३८ साली ते गेले. आपण उभारलेली वेधशाळा आपल्या डोळ्यांदेखत मिटली, हे त्यांनी कसं सोसलं असेल? ते आपण आपल्या मनाने भरू नये. रीडिंग नाही तिथे रीडिंग लिहू नये, हे तर त्यांच्याकडूनच शिकायचंय.

पुण्याचं आकाश मात्र रिकामं राहिलं नाही. १८८८ साली तख्तसिंहजी वेधशाळा तयार झाली होती आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, पुण्यातच ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली. २००६ साली तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला सुरू झाली. अर्ध्या मीटरवरून दोन मीटर! या वेळी मात्र एकच माणूस नाही. देशभरातल्या कॉलेजांतून विद्यार्थी आणि शिक्षक तिथे येतात, शिकतात आणि परत जाऊन दुसऱ्यांना शिकवतात. पहिल्या वेधशाळेकडे जे नव्हतं ते नेमकं हेच.

आता पुन्हा ठाकुरवाडीच्या माळावर येऊ. हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही सहाजण पुन्हा लॅपटॉपपुढे बसलो. देखणी चित्रं एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली. ती बघायला, नोटीस बोर्डावर लावायला, घरी आईला दाखवायला. मूळ फिट्स फाइल्स पुन्हा उघडल्या. झाकण लावून घेतलेल्या फाइल्स वजा केल्या, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंधळ गेला. सारख्या उजेडाच्या फाइल्सनी भागलं, म्हणजे भिंगावरच्या धुळीचे डाग गेले. मग ताऱ्याभोवती वर्तुळ आखून आतले आकडे बेरजेत घेतले, आजूबाजूच्या आकाशाचा उजेड वजा केला, आणि शेजारच्या स्थिर ताऱ्याशी तुलना केली. यातलं काहीच ताणलेल्या चित्रावर केलं नाही. पाच-सहा कमांड, एक छोटी स्क्रिप्ट.

अल्गोल मंद झाला! पण पुस्तकातल्या १.३ इतका नाही. आमचा आकडा त्याहून कमी आला, कारण पहाटे ढग आले आणि सर्वात मंद क्षण आमच्या हातून निसटला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. कमी आलेला आकडा तसाच रिपोर्टमध्ये लिहिला आणि खाली ढगांची वेळ लिहिली.

सरांनी रिपोर्ट वाचला, त्या ओळीवर थोडा वेळ बोट ठेवलं आणि सही केली. मार्क किती दिले ते सांगत नाही. पण त्या सेमिस्टरला मी एकाही जर्नलमध्ये रीडिंग जुळवलेलं नाही, एवढं मात्र सांगतो. पुढच्या सेमिस्टरची हमी आत्ताच देत नाही, प्रयत्न चालू आहे.

आणि हो, पुढच्या वेळी पुण्याच्या गाडीत असाल आणि ठाकुरवाडी केबिनपाशी गाडी रेंगाळली, तर मोबाइल जरा बाजूला ठेवा. याच घाटातून एक माणूस ये-जा करायचा. त्याने आयुष्यभर प्रकाशाच्या रेषा पाहिल्या, आणि जशा दिसल्या तशाच लिहिल्या.